कंदील सगळ्यांना ठाऊक, वहीचं काय?

परवा १२ मे झाला. परिचारिका दिन. सकाळपासून व्हॉट्सॲपवर हातात दिवा घेतलेल्या बाईंची चित्रं येत होती. बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, शेवटची काही परिसेविका म्हणून. दरवर्षी त्या दिवशी मेणबत्ती धरून मीही शपथ म्हटली आहे. पण त्या बाईंच्या हातात दिव्याइतकीच आणखी एक गोष्ट होती, आकड्यांची वही. तिच्याबद्दल कुणी पोस्ट टाकत नाही म्हणून मी टाकते. लांबलीय, सांभाळून घ्या.

नोव्हेंबर १८५४. क्रिमियाचं युद्ध चालू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये. त्यांनी स्वयंपाकघर लावलं, कपडे धुण्याची सोय केली, रात्री फेऱ्या मारल्या. शाळेत आपण शिकलो ते इथपर्यंत. पुढचं पुस्तकात नसतं. त्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. एकट्या जानेवारी १८५५ मध्ये त्या सैन्यात साथीच्या, टाळता येण्याजोग्या रोगांनी २७६१ माणसं गेली. जखमांनी गेली ८३. म्हणजे जखमेने एक गेला तर रोगाने तेहतीस!

इमारतीखाली तुंबलेली गटारं होती. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारं उपसली, पाणी साफ केलं, हवा खेळती केली. मग आकडे झपाट्याने उतरले. नाइटिंगेलबाईंना तोवर वाटत होतं की उपासमार, थंडी आणि उशिरा होणारी भरती ही मुख्य कारणं. युद्ध संपल्यावर त्या विल्यम फार या आकडेतज्ज्ञासोबत बसल्या. नोंदी इतक्या बेशिस्त की मेलेल्यांचा हिशेबही धड जुळेना. तरी महिन्यामागून महिना मांडला, आणि दिसलं की माणसं घाणीने मेली. त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयातसुद्धा.

मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं. देशभर आरत्या ओवाळल्या जात असताना आपल्याच वॉर्डाचे वाईट आकडे बाईंनी लपवले नाहीत, छापले. १८५८ मध्ये त्याची ती प्रसिद्ध पाकळ्यांची आकृती काढली, मंत्र्यांना एका नजरेत कळावं म्हणून. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं. तिथल्या त्या पहिल्या महिला. १८६० च्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे त्यांनी सगळ्या रुग्णालयांसाठी एकसारखे नोंदींचे फॉर्म मांडले. आपण आज जे रजिस्टर वैतागून भरतो ना, त्याची आजी ही.

आपल्याकडेही ती वही पोचली. भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यावर राजकीय आयोग नेमला गेला (१८५९ ते ६३), तेव्हा इथल्या छावण्यांतून भरून आलेल्या प्रश्नावल्या बाईंनीच चाळल्या. शिपायांचा मृत्युदर निघाला वर्षाला दर हजारी ६९, आणि कारण पुन्हा तेच, पाणी आणि गटार. बाई कधी भारतात आल्या नाहीत. पण उतारवयात पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार होता, हे पुणेकरांना तरी माहीत असावं.

मग ही वही गेली कुठे? माझं मत असं की नर्सिंगच्या शाळा निघाल्या, त्यात शिस्त आली, टोपी आली, आज्ञापालन आलं, आणि मोजणं डॉक्टरांकडे गेलं. नर्सने सांगितलेलं करायचं. नर्सिंग संशोधनाला वाहिलेलं नियतकालिक अमेरिकेत निघालं तेच १९५२ साली.

आता माझी गोष्ट. नोकरी लागली तेव्हा हाडांच्या वॉर्डात होते. मांडीचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बायका आठवडे न् आठवडे उताण्या. बेडसोर होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पाठीला स्पिरिट चोळायचं, वर पावडर. आम्हाला तसंच शिकवलेलं. मन लावून करायचो, आणि तरी जखमा व्हायच्या. मी आणि एका मैत्रिणीने जुन्या डायरीत लिहायला सुरुवात केली. कोणती खाट, जखम कधी दिसली, कूस कधी बदलली. काही महिन्यांत आमच्यासारख्या अडाण्यांनाही दिसलं की पावडर सगळ्यांनाच लागत होती, पण जिची लेक रात्रभर उशाशी बसून आईला कुशीवर वळवायची, तिची पाठ शाबूत.

डायरी वर दाखवली. उत्तर मिळालं, "हे कशाला लिहून ठेवता? उद्या तपासणीत कुणी विचारलं तर?" डायरी परत आली नाही.

पुढे पोस्ट बेसिकला गेले तेव्हा डोरीन नॉर्टन वाचली. लंडनची नर्स. १९६२ साली तिने सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तब्येत, शुद्ध, चालणं, हालचाल आणि लघवी-संडासवरचा ताबा अशा पाच गोष्टींना १ ते ४ गुण. एकूण २० पैकी १४ किंवा कमी असले की हा रुग्ण धोक्यात, याला नियमाने वळवा. मलमांनी काम भागत नाही, दाब काढावा लागतो. ग्रंथालयात बसून मला रडू आलं. मी जन्मायच्या सुमाराला हे छापून झालेलं, आणि आम्ही स्पिरिट चोळत होतो!

वळवायला हात लागतात, हा पुढचा मुद्दा. २००२ साली लिंडा एकेन यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास मांडला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तीस दिवसांत दगावण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. एक रुग्ण! आमच्या नाइटला एकटी बाई आख्खा वॉर्ड सांभाळायची.

आपल्याकडे १९४६ पासून दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी आहे, आता एमएस्सीच्या मुली प्रबंधही लिहितात. पण बहुतेकींचा विषय एकच असतो. अमुक गोष्टीवर तक्ता घेऊन शिकवलं, आधी-नंतर प्रश्न विचारले, ज्ञान वाढलं. अगं, वॉर्डात काय बदललं ते सांग ना! दोष मुलींचा नाही. खरे आकडे मागायला गेलं की माझ्या डायरीचं झालं तेच होतं.

गेल्या महिन्यात आत्याला एका ठिकाणी भरती केलं होतं. संध्याकाळी सहाला गेले. खाटेला तक्ता लटकत होता, दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंतच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या. ड्यूटीवर एकच मुलगी, पंचविशीची, सलाइन बदलत इकडून तिकडे पळत होती. माझं तक्त्याकडे लक्ष गेलेलं तिने पाहिलं आणि मान खाली घातली. मी काही बोलले नाही. "ये गं, जरा हात लाव," म्हटलं, आणि दोघींनी मिळून आत्याला डाव्या कुशीवर घेतलं.