विरघळणारी नक्षी

सिंधुदुर्गातल्या लग्नांत रुखवताच्या टेबलावर अलीकडे सजवलेल्या कुकीज दिसू लागल्या आहेत. कुडाळच्या एका लग्नात मी अशा दहा गोल कुकीज पाहिल्या. पांढऱ्या आइसिंगच्या थरावर खाण्याच्या रंगांनी एकेक अवतार रंगवलेला, कडेने लाल-पिवळा पट्टा. ही सावंतवाडीची गंजिफा आहे, हे कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी मात्र "इंग्रजी थेरं" असा निकाल दिला आणि ते अनारशांकडे वळले.

काकांचे मत बहुतेकांचे असते. आइसिंग म्हणजे केकवाल्या साहेबाची वस्तू, फॉन्डंट म्हणजे मोबाइलवर पाहून शिकलेले फॅड. मी गेली काही वर्षे या किनाऱ्यावरच्या साखरकामाच्या खुणा गोळा करते आहे. मला मिळालेला पुरावा काकांच्या बाजूने फारसा जात नाही.

आधी त्या कुकीचेच पाहू. तिच्यावरचे पांढरे आइसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि दळलेली साखर. त्याचे 'रॉयल' हे नाव व्हिक्टोरिया राणीच्या १८४० मधल्या लग्नाच्या केकशी जोडले जाते. नाव साहेबाचेच, त्याबद्दल वाद नाही. पण काम कसे चालते? घट्ट आइसिंगने कडेला बांध घालायचा, आत पातळ आइसिंग सोडायचे, ते पसरून आरशासारखे सपाट झाले की रात्रभर वाळू द्यायचे आणि मग बारीक कुंचल्याने रंगवायचे. सावंतवाडीचा चितारी गंजिफेचे पान करतो तेव्हा चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवतो, वर पांढरे अस्तर देतो, ते वाळले की घोटतो, त्यावर चित्र काढतो आणि शेवटी लाखेचा हात देतो. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकशेवीस पाने असतात. अस्तर ओले असताना रंग लावला तर तो फुटतो, हे चिताऱ्याला माहीत असते. कुकी रंगवणाऱ्या बाईलाही हीच गोष्ट पहिल्या दोन-चार कुकीज वाया गेल्यावर कळते.

आता साखरेकडे येऊ, कारण खरी गोम तिच्यात आहे. साखरेचे सगळे कसब एका गोष्टीवर चालते: विरघळलेली साखर पुन्हा दाणा धरते तेव्हा तो दाणा केवढा होऊ द्यायचा. पाक संथ, न हलवता, दोऱ्यावर सोडला तर खडीसाखर होते. गरम पाक थोडा निवू देऊन घोटला, तर दाणा इतका बारीक होतो की जिभेला लागतच नाही. हलवायाचे मऊ पांढरे फॉन्डंट ते हेच. लाटून केकवर चढवायचे फॉन्डंट वेगळे, त्यात जिलेटीन आणि ग्लिसरीन असते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे आमच्या आज्यांचे शब्द या शास्त्राच्या पायऱ्याच आहेत. त्यांना थर्मामीटर लागत नव्हता, चिमटीत तार ओढून त्या ठरवत.

मालवणचे खाजे हे या शास्त्राचे अस्सल उदाहरण. बेसनाची जाड शेव तळायची, गुळाच्या पाकात आले घालायचे, शेव त्यात टाकून सारखी हलवत राहायची. थोड्या वेळाने चकचकीत पाक निस्तेज होतो, पांढुरका पडतो आणि शेवेला कोरडा खडबडीत लेप बसतो. हे गुळाचे आइसिंगच आहे. पावसाळ्यात तो लेप चिकट होतो, म्हणून खाज्याचा खरा हंगाम जत्रांचा. कार्तिकात दशावतारी नाटकांना सुरुवात झाली की खाज्याची दुकाने मांडली जातात. पुढे महाशिवरात्रीला कुणकेश्वर आणि त्याच सुमारास आंगणेवाडी. जत्रेहून खाजे न आणता परतणारा माणूस आमच्याकडे विरळा. कुकी सजवणाऱ्या मुलींचीही तक्रार हीच असते: आषाढ-श्रावणात आइसिंग वाळत नाही, रंग ओघळतो. मालवणात जून ते सप्टेंबर हवेत इतके पाणी असते की मिठाच्या बरणीतसुद्धा तांदूळ टाकावे लागतात.

हवेवर सगळ्यात जास्त अवलंबून असलेला पदार्थ म्हणजे संक्रांतीचा हलवा. खसखस, तीळ, साबुदाणा किंवा बडीशेप परातीत घ्यायची, खाली निखाऱ्यांची मंद शेगडी, आणि एकतारी पाक चमच्या-चमच्याने सोडत बोटांनी फिरवत राहायचे. तास नव्हे, दिवस जातात. दाण्यावर आधी पांढरी पुटे चढतात आणि मग, हात चांगला असेल तर, काटे फुटतात. पेंडुरकडच्या एका वृद्ध बाईंनी मला बजावले होते, "मळब असलां तर हलवो करूचो नाय गे बाय." कारण त्यांनी सांगितले नाही. ढगाळ हवेत पाण्याची वाफ निघून जात नाही, पुट कोरडे होत नाही आणि काटा धरत नाही, एवढेच ते आहे. नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालायचे दागिने या काट्याच्या दाण्यांचे: हार, बाजूबंद, मुकुट. साखरेचे दागिने घडवणाऱ्या समाजाला कुकी सजवणे परके वाटावे, याची मला गंमत वाटते.

हा काटा आणखी एका देशात आहे. जपानमध्ये 'कोंपेइतो' नावाची साखरेची काटेरी गोळी मिळते. तिचे नाव पोर्तुगीज 'कोन्फेइतो'वरून आले. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या जेझुइट पाद्र्याने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बाटलीतून अशा गोळ्या भेट दिल्या, ही तिथल्या इतिहासातली प्रसिद्ध गोष्ट. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की जपानला जाण्याआधी फ्रोइश गोव्यात राहिला. १५४८ मध्ये तो तिथे आला, तिथेच शिकला, आणि १५६३ मध्ये जपानला पोहोचला. पुढे तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञाला, गोळी गोलच्या गोल न वाढता शिंगे का काढते, या प्रश्नाने पछाडले. आमच्या बायकांनी हा प्रश्न सोडवला नाही, पण काटे हवे तेव्हा काढले आणि नको तेव्हा दाबले.

मग आपला हलवा पोर्तुगिजांनी आणला का? मला तसे वाटत नाही. 'हलवा' हा शब्द अरबी. बदाम किंवा धणे साखरेत घोळवून केलेला 'नुकल' इराणात पूर्वीपासून आहे. पोर्तुगिजांनाही साखरकाम शिकवले ते इबेरियातल्या अरबांनी. संस्कृतातली 'शर्करा' अरबीत 'सुक्कर' झाली, पोर्तुगिजांकडे 'असुकार' झाली, आणि 'खंड'ची 'कँडी' होऊन ती इंग्रजांच्या बाटलीतून आपल्या शाळेसमोरच्या टपरीवर परत आली. या किनाऱ्यावर एकच विद्या दोन वाटांनी पोहोचली, एक जमिनीवरून आणि एक आफ्रिकेला वळसा घालून. कुठली आधी, हा वाद घालणाऱ्यांनी घालावा.

दुसऱ्या वाटेने आलेली खरी नवी गोष्ट म्हणजे मार्झिपान, साखर आणि बदामाच्या लगद्याचे शिल्पकाम. बदाम इथे महाग. पण पोर्तुगिजांनीच ब्राझीलहून सोळाव्या शतकात काजू आणला होता, आणि तो कोकणच्या कातळावर असा रुजला की आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती देशभर लावल्या जातात. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत बदामाच्या जागी काजू आला. काजूचे पीठ, साखर, अंड्याचा पांढरा बलक, थोडे गुलाबपाणी. मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळायचे, साच्यात दाबायचे, रंगवायचे. नाताळच्या 'कुसवारा'त ही फळे-फुले असतात आणि ईस्टरला त्याच लगद्याची अंडी होतात. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती घरांतही मी ती खाल्ली आहेत. मार्झिपानचा आंबा आणि चितारआळीतला लाकडी आंबा शेजारी ठेवून पाहा. पिवळ्यावर देठाकडून उतरत जाणारी लाली दोन्हीकडे आहे. कुणी कुणाचे उचलले, हे मी म्हणत नाही. एकाच बाजारात, एकाच फळाकडे पाहणारे हात होते, एवढे नक्की.

आता रुखवत. मुलीकडच्या बायका फराळाबरोबर काय काय मांडतात, ते आठवा: साखरेचे तुळशीवृंदावन, खोबऱ्याच्या वड्यांची होडी, सुक्या खोबऱ्यातून कोरलेली फुले, गुलाबी-पांढऱ्या पदरांचे चिरोटे, एकसारखी मुरड घातलेल्या करंज्या. करंजीची मुरड हेही सजावटीचेच काम आहे. कातणाने कापलेली नागमोडी कड कुणालाही जमते, पण हाताने घातलेली मुरड पाहून सासरची जाणती बाई मुलीच्या आईला तोलत असे. इतके सगळे असूनही दप्तरात या कामाचा उल्लेख शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. ते खाल्ले गेले, मुंग्यांनी नेले, दमट हवेत पाझरले.

एका जागी मात्र गोड पदार्थ सरकारी कागदावर आले, आणि तेही बंदीच्या यादीत. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये धर्मांतरितांच्या जुन्या चालीरीतींवर फर्मान काढले. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात ते वाचायला मिळते. लग्नानिमित्त एकमेकांच्या घरी फुले, विडा-सुपारी, तळलेले गोड पदार्थ पाठवण्यालाही त्यात मनाई आहे. वधूपक्षाकडून वरपक्षाकडे जाणाऱ्या ताटात धर्म लपलेला असतो, हे त्या अधिकाऱ्यांना बरोबर कळले होते. आपल्या इतिहासकारांना ते तितकेसे कळले असे दिसत नाही. किल्ल्यांवर कपाटे भरली आहेत, या ताटांवर चार पाने नाहीत. (सिंधुदुर्ग किल्ल्याचा मलाही अभिमान आहे, पत्रे पाठवू नयेत.)

मग पुरावा उरतो कुठे? लाकडात. मोदकाचे दोन पाखांचे साचे, पेढ्यावर उठवायचे ठसे, पाडव्याच्या गाठीचे लांब साचे, ज्यांत दोरा घालून वर पाक ओततात. आंबोलीचा घाट चढून बेळगावकडे गेले की संक्रांतीच्या 'सक्करे अच्चू'चे साचे: पोपट, हत्ती, देऊळ, तुळस. साचा दोन भागांचा, भिजवून ओला केलेला. आत पाक ओतला की लाकडालगत तो झटकन दाणा धरतो आणि पांढरा होतो. पाककृतीच्या वह्यांतून, लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० च्या 'गृहिणी-मित्रा'पासून पुढच्या छापील पुस्तकांतून, पदार्थाचे प्रमाण कळते. बोटांनी काय केले, ते लाकडातल्या खाचा सांगतात. मी घरोघरी साचे पाहते, मापे घेते, भिजवलेल्या कणकेचा ठसा काढून त्याचा फोटो ठेवते. काही खाचा लोखंडी पटाशीच्या आहेत, काही घरच्याच सुरीच्या. एका साच्यावरचा मासा स्पष्टपणे सुरमई आहे, आणि तो कोरणाऱ्याने सुरमई जवळून पाहिलेली आहे.

अडचण अशी की, जुनी घरे पाडली जात आहेत. तांब्याची घंगाळे भावाने विकली जातात, साचे बंबात जातात. गेल्या पावसाळ्यात कट्ट्याजवळच्या एका घरी मी पोहोचले तेव्हा पोतेभर साचे आठ दिवसांपूर्वी जळले होते. घरच्यांना वाईट वाटले, पण त्यांना सांगायला तरी कोण गेले होते?

गंजिफेचे असेच होणार होते. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात काम सुरू केले, पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून विद्या घेतली, म्हणून ती टिकली. आज तिला भौगोलिक मानांकन आहे. रंग आणि लाख टिकाऊ, म्हणून तिच्या जुन्या पानांवरून नवी पाने करता आली. साखरेला ती सोय नाही. कुकीवरच्या कूर्मावताराचे आयुष्य पाहुण्यांच्या जेवणापर्यंत. म्हणूनच जी मुलगी ती रंगवते तिच्याकडून मी रंगाचे प्रमाण, वाळवण्याचे तास, पंखा किती लांब ठेवला, हे सगळे तारखेसह लिहून घेते. पन्नास वर्षांनी कुणी शोधायला निघाले तर त्याला निदान एक वही मिळेल.

साच्यांचे एक नवे काम यंदा झाले. वेंगुर्ल्याकडची एक गृहिणी घरून कुकीज आणि केक विकते. तिने तिच्या आजेसासूच्या पेढ्याच्या ठशावरून खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉनचा साचा ओतून घेतला. फॉन्डंट त्यात दाबले की मोराच्या पिसाऱ्यातली सात पिसे नीट उठतात, आठवे अर्धवट. ते पीस मूळ लाकडात किडीने खाल्लेले आहे. तिने ते दुरुस्त केलेले नाही. कुकीज घ्यायला आलेल्या लोकांनी विचारले तर ती लाकडी ठसा काढून दाखवते, आणि ठेवून देताना त्याला खोबरेल तेलाचा हात लावते.