श्वानपरीक्षेचें प्रवेशपत्र

हस्तिनापूरच्या रंगांगणांत द्रोणाचार्यांच्या शिष्यांची परीक्षा चालली असतां कर्ण पुढें आला. अर्जुनानें जें जें करून दाखविलें होतें तें तें त्यानेंही करून दाखविलें. आणि मग द्वंद्वाची वेळ येतांच कृपाचार्यांनीं त्यास प्रश्न केला, तुझें कुळ कोणतें? त्याचे बाण कसे लागले, हें त्या क्षणीं कोणीं विचारलें नाहीं. दुर्योधनानें तेथल्या तेथें अंगदेशाचें राज्य देऊन ती अडचण दूर करण्याचा यत्न केला, ही पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. परीक्षा गुणांची आणि प्रवेश मात्र कुळावर, हा पेच केवळ मनुष्यांच्याच वांट्यास आला असें नव्हे. अमेरिकेंत कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या ज्या परीक्षा होतात, त्यांच्या इतिहासांत हाच पेच जवळजवळ पाऊणशें वर्षें तसाच पडून राहिलेला दिसतो.

या परीक्षांपैकीं एक अलीकडची परीक्षा म्हणजे 'रॅली'. मोटारींच्या रॅलींत मार्ग आंखलेला असतो व वाटेंत खुणा असतात, त्याच धर्तीवर येथें एका आवारांत क्रमांक घातलेल्या पाट्या मांडतात. 'उजवीकडे वळा', 'थांबा व कुत्र्यास बसवा', 'कुत्र्याभोंवतीं फेरी घाला', 'सावकाश चाला', अशा सूचना त्या पाट्यांवर असतात, आणि धनी व कुत्रा यांनीं जोडीनें एक पाटी संपवून दुसरीकडे जावयाचें असतें. जुन्या पद्धतीच्या परीक्षेंत प्रत्येक हालचालीचा हुकूम परीक्षक देतो, आणि कुत्र्याशीं अवांतर शब्द बोलल्यास गुण जातात. रॅलींत परीक्षक एकदां निघण्यास सांगतो व पुढें गुण मांडीत राहतो. धन्यास कुत्र्याशीं बोलण्याची व त्यास शाबासकी देण्याची पूर्ण मुभा असते. अमेरिकन केनेल क्लबाच्या नियमांप्रमाणें अगदीं पहिल्या इयत्तेंत १० ते १५ पाट्या असतात व कुत्रा दोरीवर असतो. दोरी ताणली गेली तरी गुण कापला जातो! १०० पैकीं ७० गुण मिळाले म्हणजे जोडी उत्तीर्ण. आणि निदान दोन निरनिराळ्या परीक्षकांपुढें मिळून तीन वेळां उत्तीर्ण झाल्यावर पदवी. वेळ मोजतात, परंतु ती केवळ दोघांचे गुण सारखे पडल्यास उपयोगी पडते.

अशा परीक्षेस कोणत्या कुत्र्यास बसूं द्यावें? ज्यास आज्ञा पाळतां येते त्यास, हें उत्तर साधें आहे. पण ते मान्य होण्यास इतका काळ कां लागला, हें समजण्यासाठीं इंग्लंडांतील प्रदर्शनांपर्यंत मागें जावें लागतें.

इ. स. १८५९ च्या जून महिन्यांत न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें पहिलें व्यवस्थित प्रदर्शन भरलें. त्यांत पॉइंटर व सेटर या दोनच शिकारी जाती होत्या, आणि बक्षिसें म्हणून बंदुका ठेविल्या होत्या. सेटरांच्या परीक्षकाच्या कुत्र्यास पॉइंटरांचें बक्षीस मिळालें व पॉइंटरांच्या परीक्षकाच्या कुत्र्यास सेटरांचें, असें सांगण्यांत येतें. परीक्षकानें स्वतःचीं जनावरें आणूं नयेत, हा नियम पुढें कां आला हें निराळें सांगावयास नको. त्यानंतर प्रदर्शनांची संख्या झपाट्यानें वाढली, आणि तीबरोबर घोंटाळाही वाढला. एकाच नांवाचे पांच-पांच, दहा-दहा कुत्रे निरनिराळ्या गांवीं दिसूं लागले. अमक्या कुत्र्यास बक्षीस मिळालें असें छापून आलें, तरी तो नेमका कोणता, हें सांगतां येईना. विकणारांचें यांत साधत असे आणि घेणारांची फसगत होत असे.

या अंदाधुंदीस आळा घालण्यासाठीं १८७३ मध्यें पार्लमेंटाचे सभासद एस. ई. शर्ली व त्यांचे स्नेही यांनीं लंडनमध्यें केनेल क्लब स्थापन केला. दुसऱ्याच वर्षीं क्लबाचा पहिला वंशग्रंथ निघाला. त्यांत १८५९ पासूनच्या प्रदर्शनांची माहिती असून चाळीस जातींच्या ४,०२७ कुत्र्यांची नोंद होती. पुढें १८८० मध्यें क्लबानें सर्वसाधारण नोंदणीची पद्धत सुरू केली. प्रथम तिला कडाडून विरोध झाला, आणि हळूहळू तिची सोय लोकांस पटली. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. ही नोंदणी आरंभीं नांवाची होती. एक नांव दोन कुत्र्यांस लागूं नये, एवढाच तिचा हेतु. वंशावळीस त्या वेळीं फारसें महत्त्व नव्हतें, आणि जें आलें तेंही कुत्रा ओळखण्याचें एक साधन म्हणून. शाळेच्या रजिस्टरांत बापाचें नांव लिहितात तें दोन गोविंदांमधला फरक कळावा म्हणून. गोविंदास गणित येतें कीं नाहीं, याच्याशीं त्याचा संबंध नसतो. परंतु रजिस्टराचा स्वभावच असा आहे कीं, ओळखीसाठीं घातलेला रकाना पाहतां पाहतां योग्यतेचा रकाना होऊन बसतो. केनेल क्लबांच्या बाबतींतही तेंच घडलें. १८८४ मध्यें फिलाडेल्फिया येथें अमेरिकन केनेल क्लब स्थापन झाला, त्याच्या दफ्तरांतही आईबापांच्या नोंदी हाच मुख्य पाया ठरला. प्रदर्शनांत रूप, ठेवण व जातीचीं लक्षणें पाहावयाचीं असल्यामुळें तेथें हें गैर होतें असें म्हणतां येणार नाहीं.

अडचण उत्पन्न झाली ती कुत्र्यांच्या वागणुकीची परीक्षा सुरू झाल्यावर. न्यूयॉर्क प्रांतांतील माउंट किस्को येथील हेलेन व्हाइटहाउस वॉकर या बाई मोठे पूडल कुत्रे पाळीत असत. पूडल म्हणजे केस कातरून मिरविणारें नाजुक खेळणें, अशी लोकांची थट्टा त्यांस सहन होईना. आपले कुत्रे कामाचे आहेत हें दाखविण्यासाठीं त्यांनीं ऑक्टोबर १९३३ मध्यें आपल्या वडिलांच्या वाडीवर एक परीक्षा भरविली. तिला आठ कुत्रे आले : तीन पूडल, दोन लॅब्रडॉर, दोन स्प्रिंगर स्पॅनिएल आणि एक जर्मन शेपर्ड. म्हणजे ज्या परीक्षेचा जन्मच एका जातीविषयींचा लोकांचा ग्रह खोटा पाडण्यासाठीं झाला, ती परीक्षा पुढें जातीच्या कागदांनींच अडविली जावी, हा योग विचित्र खरा. इंग्लंडांत अशा परीक्षा अगोदरच होत असल्यामुळें १९३४ मध्यें बाई तिकडे जाऊन त्या पाहून आल्या. १९३६ मध्यें अमेरिकन केनेल क्लबानें आज्ञापालनाच्या परीक्षांचे नियम मंजूर केले. लगेच पुढच्या वर्षीं वॉकरबाई व त्यांच्या सहकारी ब्लँच सॉन्डर्स यांनीं मोटारीमागें एकवीस फुटी गाडी जोडून, तीन पूडल बरोबर घेऊन, सुमारें १०,००० मैलांचा प्रवास केला आणि गांवोगांवीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. दोन स्त्रियांनीं त्या काळीं असें हिंडणें हें साहसच होतें, आणि आज्ञापालनाच्या शिक्षणाचा देशभर जो प्रसार झाला त्याचें बरेंच श्रेय या प्रवासास द्यावें लागेल.

मंजुरीबरोबर क्लबाची अट आली. परीक्षेस बसणारा कुत्रा क्लबाच्या दफ्तरांत नोंदलेला, अर्थात् शुद्ध जातीचा असला पाहिजे. ज्या कुत्र्याची जात उघड दिसते पण कागद हरवले आहेत, किंवा ज्याचे आईबाप कधीं नोंदलेच गेले नाहींत, त्यांच्यासाठीं एक आडवाट ठेविली होती. धन्यानें छायाचित्रें पाठवावीं, क्लबानें तीं पाहून जात मान्य करावी, आणि त्या कुत्र्यास वेगळा क्रमांक द्यावा. या क्रमांकावर आज्ञापालनाची परीक्षा देतां येई, रूपाच्या प्रदर्शनांत उतरतां येत नसे. आणि कुत्र्याचें निर्बीजीकरण झालेलें असावें लागे. अंगदेशाच्या राज्यासारखीच ही सोय! तीही ज्याचा चेहरा एखाद्या जातीशीं जुळेल त्यालाच. रस्त्यावरून उचलून आणलेला, कान एका जातीचे व शेंपूट दुसरीचें, असा कुत्रा कितीही शहाणा असो, त्यास दार बंदच राहिलें.

क्लबाच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे. पदवी द्यावयाची म्हणजे ती कोणास दिली हें निश्चित पाहिजे. नोंद नसेल तर एका कुत्र्यानें मिळविलेले गुण दुसऱ्याच्या नांवावर घालण्यास कितीसा वेळ? हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावर उपाय क्रमांक हा आहे, वंशावळ हा नव्हे. आणि १८८० सालच्या नोंदणीचें मूळ पाहिलें तर केनेल क्लबांस हें कोणी नव्यानें शिकवावें अशी स्थिति नव्हती.

दार उघडेना तेव्हां लोकांनीं दुसरीं घरें बांधलीं. १९७८ मध्यें मिश्र जातीच्या कुत्र्यांच्या क्लबांची एक संस्था अमेरिकेंत निघाली, आणि १९८३ मध्यें अशा कुत्र्यांच्या आज्ञापालनाची नोंद ठेवणारें एक स्वतंत्र दफ्तर सुरू झालें. १८९८ पासून चालत आलेल्या युनायटेड केनेल क्लबानेंही मिश्र जातींस मर्यादित हक्काची नोंद देऊन आपल्या परीक्षा खुल्या केल्या.

याच सुमारास रॅलीची कल्पना पुढें आली. कॅन्सस प्रांतांतील मॅनहॅटन गांवचे चार्ल्स क्रेमर हे तिचे जनक. कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती अमेरिकेंत रुजविण्यांतही त्यांचा हात होता. जुनी परीक्षा फार ताठर आहे, घरच्या कुत्र्यास व साध्या माणसास ती भेडसावते, हें पाहून त्यांनीं पाट्यांचा हा मोकळा प्रकार सुचविला. पाळीव कुत्र्यांच्या शिक्षकांच्या संघानें तो उचलला, आणि आपल्या रॅलींत मिश्र जातीच्या कुत्र्यांस आरंभापासूनच घेतलें. अमेरिकन केनेल क्लबानें १ जानेवारी २००५ पासून रॅलीच्या पदव्या देण्यास सुरुवात केली, पण प्रवेशाची अट जुनीच ठेविली. तेव्हां एकच खेळ, त्याच पाट्या; एका आवारांत गांवठी कुत्रा चालतो आणि दुसऱ्या आवारांत त्यास फाटकाशींच थांबवितात, असा देखावा कांहीं वर्षें दिसत होता.

अखेर क्लबानें मिश्र जातींसाठीं वेगळी नोंदणी काढली. ऑक्टोबर २००९ पासून नांवें नोंदूं लागले, आणि १ एप्रिल २०१० पासून हे कुत्रे आज्ञापालन, रॅली व अडथळ्यांच्या शर्यती यांत उतरूं लागले. प्रारंभीं त्यांस रूपाच्या प्रदर्शनांपासून वेगळ्या भरणाऱ्या परीक्षांतच घेत. पुढें ती अटही सैल झाली. निर्बीजीकरणाची अट मात्र राहिली. कुत्र्यांची बेवारशी पैदास वाढूं नये ही दृष्टि त्यामागें असल्यास तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

प्रवेशपत्र आधीं ठरलेल्या मुदतींत, फीसह, परीक्षा भरविणाऱ्या क्लबाकडे पोंचावें लागतें. कुत्रा परीक्षेच्या पहिल्या दिवशीं निदान सहा महिन्यांचा असावा. माजावर आलेली कुत्री चालत नाहीं. लंगडणाऱ्या जनावरास आवारांतून परत पाठवितात. आणि माणसावर किंवा दुसऱ्या कुत्र्यावर धांवून जाणारा बाद होतो. हे सर्व नियम कुत्र्याच्या अंगचे आहेत, कुळाचे नव्हत. पत्रावर कुत्र्याचें नांव, क्रमांक, जन्मतारीख, धनी, बाप व आई यांचे रकाने आजही आहेत. मिश्र जातीच्या कुत्र्याच्या जातीच्या रकान्यांत 'ऑल अमेरिकन डॉग' असें लिहितात. मग तें पत्र टेबलावर राहतें, कुत्रा पहिल्या पाटीपाशीं बसतो, आणि परीक्षक धन्यास विचारतो, "तयार आहांत?"