मुळशी तालुक्यातील वृक्षतोड नियमन

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्यात वृक्षतोड व लाकडाची वाहतूक यांवर राज्य आणि केंद्र शासनाच्या निरनिराळ्या कायद्यांनुसार नियंत्रण ठेवले जाते. झाड ज्या जमिनीवर उभे आहे, तिच्या दर्जावरून कोणता कायदा लागू होतो हे मुख्यतः ठरते.

पार्श्वभूमी
तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. पश्चिमेस ताम्हिणी परिसरात अतिवृष्टीची दाट वने, तर पूर्वेस हिंजवडीसारखा झपाट्याने वाढणारा नागरी पट्टा आहे. मुळा व मुठा या नद्यांचे उगम तालुक्याच्या डोंगरांत असल्याने उतारांवरील झाडोरा नाहीसा झाल्यास माती वाहून जाऊन धरणांत साचते.

मालकी जमीन
महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार खातेदाराच्या जमिनीतील झाडांवर त्याचाच हक्क असतो. मात्र महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील सागवान, हिरडा, आंबा, फणस, मोह, ऐन, खैर, चंदन, जांभूळ इत्यादी झाडे तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. तोडलेले लाकूड बाहेर नेताना, सूट असलेल्या जाती वगळता, वन विभागाचा वाहतूक परवाना आवश्यक असतो. अनुसूचित जमातींच्या खातेदारांची व्यापाऱ्यांकडून फसवणूक होऊ नये, म्हणून त्यांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

वनजमीन
राखीव वनांना भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. वनजमिनीचा वनेतर वापर करण्यास वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार केंद्र शासनाची पूर्वमान्यता लागते. अनेक खासगी वने ३० ऑगस्ट १९७५ रोजी कायद्याने शासनाकडे निहित झाली. २०१३ मध्ये घोषित झालेल्या ताम्हिणी अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे अधिक कडक निर्बंध आहेत.

नागरी क्षेत्र
मुळशीतील सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. महापालिका हद्दीत १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरण परवानगीचा निर्णय घेते. ग्रामपंचायतींसाठी असे प्राधिकरण नाही.

मर्यादा
१९६४ च्या मूळ अधिनियमातील दंडाची कमाल मर्यादा १,००० रुपये होती. एका मोठ्या सागवानाच्या किमतीपुढे ती नगण्य ठरते. शिवाय हा कायदा ठरावीक जातींच्या झाडांचा विचार करतो. अनुसूचीबाहेरची झाडे, झुडपे व संपूर्ण डोंगरउतार त्याच्या कक्षेत येत नाहीत. लवासा प्रकल्पात हा प्रश्न ठळकपणे समोर आला. २००८ मध्ये तेथील विकासक कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला होता. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला नोटीस बजावली, ती वृक्षतोड कायद्याखाली नव्हे, तर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. २०१७ मध्ये नियोजनाचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले.