शब्दवेध : रंधा

वऱ्हाडातल्या चिखलीत सागवानी चौकटीचे काम कुठे चालू असले की रंध्याची खरखर ऐकू येते. सुताराच्या हत्यारांत करवत संस्कृतातल्या करपत्रापासून आली, खुद्द सुतार सूत्रधारापासून. रंधा मात्र फारसी. रंदीदन म्हणजे खरवडणे, तासणे, त्यावरून रंदा. इराणी स्वयंपाकघरात किसणीलाही हेच नाव आहे. हिंदीने रंदा तसाच ठेवला, मराठीने त्याला ध दिला. संस्कृत रंध्राशी त्याचे नाते नाही, पण कानाला सवयीच्या त्या शब्दानेच हा ध दिला असावा, असे मला वाटते. बहामनी, इमादशाही, मोगल, निजाम अशा राजवटी पाहिलेल्या वऱ्हाडात फारसी फक्त दफ्तरातच नव्हे, सुताराच्या पेटीतही मुरली.

शब्दाकडून हत्याराकडे वळले तर जपानी रंधा वेगळा; त्याला कान्ना म्हणतात. आपला रंधा पुढे ढकलायचा, तो अंगाकडे ओढायचा. हातघडाईच्या जुन्या पात्यात मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर भट्टीत जोडलेला असतो. धार पोलादाची, लोखंड मऊ असल्याने पाते दगडावर सहज घासता येते. चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७) या लोहाराची पाती आजही जपून ठेवली जातात. असे पाते ओक लाकडाच्या ठोकळ्यात बसवून ओढले की निघणाऱ्या सालपटातून पलीकडचे दिसते. इतके नितळ काम हाताने होते, याचे मला अपार कौतुक आहे.

आता विजेवरचे यंत्र आले, तरी चिखलीत त्यालाही रंधाच म्हणतात.