गुप्त मंडळ्यांचें अंतरंग

‘गुप्त मंडळी’ हे शब्द कानीं पडले कीं आपल्या डोळ्यांपुढें तळघर, मिणमिणता दिवा आणि रक्तानें केलेली सही असें चित्र उभें राहतें. हें चित्र बहुतांशीं कादंबरीकारांनीं रंगविलेलें आहे. सोलापुरांत मुलांना इतिहास शिकविण्यांत माझा जन्म गेला. नाशिकच्या क्रांतिकारकांचा पाठ आला कीं दोन-तीन वर्षांआड कोणीतरी चौकस विद्यार्थी उठून विचारी, “सर, मंडळी जर गुप्त होती, तर तिची हकीकत पुस्तकांत आली कशी?” प्रश्न पोरकट वाटतो, पण गुप्त मंडळीचें सारें स्वरूप त्यांत सांठवलेलें आहे, असें मला आतां वाटूं लागलें आहे.

नाशिकचेंच उदाहरण घेऊं. १८९९ च्या अखेरीस विनायकराव सावरकर, म्हसकर व पागे या तिघांनीं ‘राष्ट्रभक्तसमूह’ नांवाची गुप्त संस्था काढली. सावरकर त्या वेळीं सोळा वर्षांचे होते. तिघांच्या संस्थेनें देश स्वतंत्र होत नाहीं, हें त्यांनाहि कळत होतें. माणसें हवींत, पण माणसें जमवावयाचीं म्हणजे चारचौघांत बोलावें लागतें, आणि चारचौघांत बोललें कीं गुप्तता संपली. ही अडचण जगांतील प्रत्येक गुप्त मंडळीपुढें असते. नाशिककरांनीं तिच्यावर उपाय काढला तो असा कीं, १९०० च्या आरंभीं ‘मित्रमेळा’ या नांवाचें एक उघडें मंडळ स्थापन केलें. हा मेळा तिळभांडेश्वराच्या गल्लींत आबा दरेकरांच्या खोलींत भरे. तेथें निबंध वाचले जात, वादविवाद होत. शिवजयंति व गणेशोत्सव साजरे होत. प्लेगच्या दिवसांत मेळ्याचीं मुलें रोग्यांची शुश्रूषा करीत आणि प्रेतें उचलीत. आबा दरेकर म्हणजेच कवि गोविंद. ते पायांनीं अधू होते. पण त्यांनीं रचलेले पोवाडे मेळ्याच्या मुलांच्या तोंडून साऱ्या नाशकांत फिरले. म्हणजे बाहेर हें भलें मोठें अंगण, आणि आंत, पारखून घेतलेल्यांसाठींच, एक लहानशी खोली. १९०४ सालीं याच संस्थेचें नांव ‘अभिनव भारत’ झालें.

नांवाचें मूळ इटलींत आहे. तेथें १९ व्या शतकाच्या आरंभीं ‘कार्बोनारी’ म्हणजे ‘कोळसेवाले’ नांवाची मंडळी होती. तिचे सभासद एकमेकांस भाऊबंद म्हणत, पायऱ्यापायऱ्यांनीं वर चढत, आणि प्रत्येक पायरीला नवा विधि व नवी खूण असे. मॅझिनी तरुणपणीं या मंडळींत शिरला आणि १८३० मध्यें फितुरीमुळें पकडला गेला. सुटून आल्यावर १८३१ सालीं मार्सेय येथें त्यानें ‘तरुण इटली’ ही स्वतःची संस्था काढली. खुणा आणि सोंगेंढोंगें त्यानें बरींचशीं टाकून दिलीं, आणि इटली स्वतंत्र, एक व प्रजासत्ताक करावयाची हा हेतु वर्तमानपत्र काढून उघड सांगितला. माणसांचीं नांवें तेवढीं झांकलेलीं राहिलीं. हा फरक थोडा नव्हे. जी मंडळी आपला हेतुच लपविते, तिच्या सभासदाला आपण कशासाठीं शपथ घेतली हें शेवटपर्यंत नीट कळत नाहीं. सावरकरांनीं मॅझिनीचें चरित्र मराठींत उतरविलें व तें १९०७ सालीं प्रसिद्ध झालें, त्याचें कारण येथें आहे.

परंतु झांकलेलीं नांवें झांकलेलीं राहत नाहींत. पुण्यास २२ जून १८९७ च्या रात्रीं चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. सरकारनें २०,००० रुपयांचें बक्षीस लावलें, आणि माहिती दिली ती ओळखीच्याच द्रविड बंधूंनीं. पुढें ८ फेब्रुवारी १८९९ रोजीं वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनीं त्या दोघांस ठार केलें. तीनही चापेकर आणि रानडे फांशीं गेले. नाशकांत तेंच झालें. लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलें आलीं तीं चतुर्भुज अमीन नांवाच्या स्वयंपाक्याच्या पेटींत, खोट्या तळाखालीं दडवून. आणि हाच चतुर्भुज पुढें माफीचा साक्षीदार झाला. माझ्या विद्यार्थ्याला उत्तर मिळालें तें हें. गुप्त मंडळीचा इतिहास प्रथम लिहितो तो तिचा फितूर, आणि तो उतरवून घेतो सरकारी कारकून. सभासदांच्या आठवणी बाहेर येतात त्या मागाहून, वयें झाल्यावर.

गंमत अशी, गंमत म्हणवत नाहीं, कीं बाबाराव सावरकरांस ८ जून १९०९ रोजीं जन्मठेप झाली ती पिस्तुलांबद्दल नव्हे. उघडपणें कविता छापल्याबद्दल. त्या शिक्षेचा सूड म्हणून २१ डिसेंबरला नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा विजयानंद नाटकगृहांत वध झाला. ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जॅक्सन संस्कृताचे जाणते होते आणि त्यांची मुंबईस बदली झालेली होती. गोळी झाडणारा अनंत कान्हेरे औरंगाबादेस शिकत होता. वय १८ च्या आसपास. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांस फांशी झाली.

या ठिकाणीं मास्तर म्हणून माझी जीभ अडखळते. त्या मुलाचें धैर्य मला वंद्य आहे. पण धैर्य हें वर्गांतल्या पुष्कळ मुलांत असतें. त्यांना शंका विचारण्याची जागा मिळते कीं नाहीं, हा निराळा प्रश्न आहे. मित्रमेळ्यांत वाद होत असत. आंतल्या खोलींत मात्र शपथ होती, आणि शपथ घेतलेल्यास ‘हाच मनुष्य कां, आजच कां?’ असें विचारतां येत नाहीं. मंडळी जितकी गुप्त, तितकें आंतलें बोलणेंहि कमी, असें मला दिसतें. जुलुमी राज्यांत उघड बोलण्याचीं दारें बंद होतात तेव्हां दुसरा मार्ग कोणता, असें कोणी विचारल्यास माझ्यापाशीं तयार उत्तर नाहीं. बाबारावांचा खटला त्या विचारणाऱ्याच्याच बाजूचा पुरावा आहे.

आणि आमच्या सोलापुरांत तर गुप्त असें कांहींच नव्हतें. मे १९३० मध्यें गिरणीकामगारांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सारें गांव रस्त्यावर उतरलें. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला. पोलीस शिपायांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं दिलें. यांच्यासाठीं शपथेची वा खुणेची गरज पडली नव्हती. चौकांतील चार पुतळ्यांखालून माझे विद्यार्थी रोज शाळेस जात, आणि तेच वर्गांत येऊन नाशिकच्या खोलीविषयीं मला विचारीत.

ती खोलीहि अखेर उघडली. मे १९५२ मध्यें पुण्यास समारंभ करून सावरकरांनीं ‘अभिनव भारत’ संस्था विसर्जित केली. अर्ध्या शतकापूर्वीं तिघांनीं कुजबुजत सुरू केलेली मंडळी शेकडों लोकांदेखत, भरल्या मांडवांत बंद झाली.