मोडी, जुने फॉन्ट आणि एका लॅपटॉपवरच्या दोन विंडोज

लॅपटॉपवर नव्या विंडोजशेजारी जुनी एक्सपीही बसवावी का, हा प्रश्न आमच्यासारख्या निवृत्त मंडळींत वारंवार निघतो. मुलं हसतात. आम्ही मात्र तो इतिहासाचाच प्रश्न मानतो.

इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. राजवाड्यांनी आयुष्यभर गोळा केली ती मुख्यतः मोडी कागदपत्रं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत होती, मग गेली. कागद जागेवर राहिले, वाचणारे आटले.

आता अलीकडे या. जळगावला १९९० साली विद्यापीठ आलं आणि त्याच दशकात आपल्याकडे डीटीपीची दुकानं निघाली. प्रबंध, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्तं तिथेच टाइप होऊ लागली. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण विंडोजमध्ये ती आली विंडोज २०००पासून, आणि अंगवळणी पडायला आणखी वर्षं गेली. तोवर कारभार श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांवर. त्यांची युक्ती साधी होती: इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार बसवायचा. म्हणजे फाइलमध्ये ‘क’ नसतोच, तो फक्त दिसतो! (मजकूर म्हणजे आकार की संकेत, यावर तत्त्वज्ञानाच्या वर्गात तास सहज निघेल; इथे नको.) फॉन्ट गेला की पानभर इंग्रजी चिन्हांची खिचडी.

म्हणून आधी विचारायचं, अडलंय नेमकं काय? नुसता फॉन्ट हरवला असेल, तर तो नव्या विंडोजवरही बहुधा चालतो, एक्सपी कशाला? पण फाइल पेजमेकरची असेल, किंवा सॉफ्टवेअरला मागच्या जाड पोर्टात खोचायचं कुलूप लागत असेल, तर जुनं यंत्रच हवं.

‘रूपांतर करून टाका ना सर,’ असं म्हणतात. करावंच. पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. रूपांतर करणारा प्रोग्राम इथेच ठेचकाळतो, आणि जोडाक्षर मोडलं की माणसाचं नावच बदलतं. ताडून पाहायला जुना पडदा साक्षीदार म्हणून लागतो. मोडी कागदाची बाळबोध प्रत झाली, म्हणून मूळ कागद कोणी रद्दीत देतं का?

तेव्हा आमचा कौल असा. नव्या लॅपटॉपवर एक्सपी थेट बसवायचा हट्ट नको. त्याची सुरू होण्याची पद्धतच वेगळी, ड्रायव्हरही मिळत नाहीत. तिथे व्हर्च्युअल मशीन बरं. विंडोज ७च्या काळातला लॅपटॉप घरात पडून असेल, तर त्यावर दोन्ही जरूर ठेवा. सगळ्याची प्रत आधी बाहेर काढा. नव्याने मांडत असाल तर आधी जुनी, मग नवी. उलट केलंत तर एक्सपी बूटची नोंद स्वतःच्या नावावर करून घेते आणि नवी सुरूच होत नाही. एक्सपीचे सुरक्षा-अपडेट ८ एप्रिल २०१४ला बंद झाले, तेव्हा त्या बाजूला इंटरनेट अजिबात नको. फाइल उघडा, छापून घ्या, रूपांतर करा, ओळीने ओळ ताडा. हे काम यंत्र चालतंय तोवरच उरकायला हवं. त्या लॅपटॉपची डिस्कही आता पंधरा वर्षांची झालीय.