रन-फ्लॅट टायर व साधा टायर : स्पोर्ट्स कारमधील निवड

हवा पूर्णपणे गेल्यावरही ठरावीक वेगाने ठरावीक अंतर चालू शकणाऱ्या टायरला रन-फ्लॅट टायर म्हणतात. बहुतेक उत्पादक ताशी ८० किमी. वेगाने ८० किमी. अंतर ही मर्यादा देतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सु. ९४.५ किमी. लांबीचा आहे, त्याच्या एका टोकाला पंक्चर झालेली गाडी दुसऱ्या टोकाला पोहोचेलच अशी हमी या आकड्यात नाही, पण घाटात कडेला थांबून चाक बदलण्याची वेळ टळते. साध्या टायरच्या गाडीत पंक्चरवर स्टेपनी, सीलंट व छोटा कंप्रेसर, किंवा रस्त्यावरील मदत यांपैकी काहीतरी लागते. स्पोर्ट्स कारमध्ये ही निवड रोजच्या मोटारीपेक्षा अवघड असते. तिथे टायर हा केव्हाही बदलता येणारा सुटा भाग न राहता सस्पेन्शनचा एक घटक बनलेला असतो.

रचना व कार्य : साध्या टायरमध्ये गाडीचे वजन मुख्यतः कोंडलेली हवा पेलते, रबर आणि दोऱ्यांचे कवच ती हवा धरून ठेवण्यापुरते असते. हवा गेली की बाजूची भिंत (साइडवॉल) दुमडते, रिमची कड तिच्यावर बसते आणि प्रत्येक फेऱ्यात तिला चिरडते. वाकून पुन्हा सरळ होताना रबर थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावते. ही उष्णता साचत जाऊन दोरे व रबर यांची पकड सुटते आणि थोड्याच अंतरात भिंत फाटते. त्याआधीच टायरची कड (बीड) रिमच्या खाचेत घसरून टायर निखळण्याचा धोका असतो.

आज सर्वत्र आढळणारा रन-फ्लॅट स्वयंआधारी प्रकारचा आहे. त्याच्या भिंतीच्या आतल्या अंगाला चंद्रकोरीच्या छेदाचा जाड रबरी थर असतो. हे रबर कमी तापणारे निवडलेले असते, आणि हवा नसताना भिंत त्याच्या आधाराने उभी राहते. ३०५/३० झेडआर २० मापाच्या टायरचा परीघ सु. २.१७ मी. भरतो, म्हणजे ८० किमी. अंतरात तो सु. ३७,००० वेळा फिरतो आणि तितक्याच वेळा भिंतीचा प्रत्येक भाग दाबला जाऊन सुटतो. वर दिलेली मर्यादा या दमणुकीतून येते. वेग वाढला की उष्णता निर्माण होण्याचा दर वाढतो, म्हणून अंतराइतकेच वेगाचे बंधनही पाळावे लागते.

या रचनेला बुटका टायर सोयीचा पडतो. वरील मापात भिंतीची उंची सु. ९२ मिमी. आहे, इतकी आखूड भिंत उभी ठेवायला थोडे रबर पुरते. उंच भिंतीच्या टायरला त्यासाठी बरेच जास्त रबर घालावे लागते. म्हणूनच ही सोय बांधणीच्या दृष्टीने स्पोर्ट्स कारच्या टायरला जास्त जुळते.

दुसऱ्या प्रकारात टायरच्या आत रिमवर आधारकडे बसवतात व हवा गेल्यावर टायर त्यावर टेकतो. मिशेलिनची पॅक्स पद्धत ही या प्रकारातली. तिसऱ्या, आपोआप बुजणाऱ्या (सेल्फ-सीलिंग) प्रकारात आतून चिकट लेप असतो आणि खिळ्याचे भोक तो बुजवतो; हवाच न गेल्यामुळे याला काटेकोरपणे रन-फ्लॅट म्हणत नाहीत.

इतिहास : जादा चाकाला मराठीत रूढ असलेला ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लानेली गावी १९०४ मध्ये सुरू झालेल्या स्टेपनी चाकावरून आला. आरे नसलेली, हवा भरलेला टायर चढवलेली ती रिम पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जखडत असत. जादा चाकच नको, या दिशेने पहिला ठळक प्रयत्न डनलॉपच्या डेनोव्हो टायरने १९७० च्या दशकात केला. त्यात रिमवर वंगणाच्या लहान कुप्या असत. हवा जाऊन टायर खाली बसला की त्या फुटत आणि आतल्या पृष्ठभागांचे घर्षण कमी होई. १९७४ पासून मिनी १२७५ जीटी या छोट्या स्पोर्टी गाडीवर तो विकल्प म्हणून मिळत होता. खास रिम लागत असल्याने तो टिकला नाही.

१९८० च्या दशकात पोर्शच्या ९५९ या गाडीने, हवा गेल्यावर रिमवरून न सुटणारे टायर आणि दाबावर सतत लक्ष ठेवणारी यंत्रणा यांची जोडी वापरली. पॅक्स पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २००५ ची बुगाटी व्हेरॉन होय. या पद्धतीलाही खास रिम लागे आणि बाजारात ती मागे पडली.

कॉर्व्हेट : या विषयाचा सर्वांत सलग अभ्यास शेव्हरोले कॉर्व्हेटवर करता येतो. एकाच गाडीच्या पाच पिढ्यांत निवड कशी फिरली हे तिथे दिसते. चौथ्या पिढीत १९८९ पासून टायरमधील कमी दाबाचा इशारा देणारी यंत्रणा विकल्प म्हणून मिळत होती. १९९४ मध्ये तिच्या जोडीला गुडइयरचे वाढीव पल्ल्याचे (ईएमटी) टायर आले. हा क्रम महत्त्वाचा आहे. ताठर भिंतीमुळे हवा गेल्याचे चालकाला हाताला जाणवत नाही, म्हणून इशारा देणारी यंत्रणा नसलेल्या गाडीवर असे टायर लावणे धोक्याचे समजतात.

१९९७ च्या पाचव्या पिढीत ईएमटी टायर मूळ सज्जेत आले आणि स्टेपनी काढून टाकण्यात आली. पुढे २४५/४५ झेडआर १७ आणि मागे २७५/४० झेडआर १८ अशी दोन वेगळी मापे होती. मागे-पुढे वेगळी चाके असलेल्या गाडीत एकच पूर्ण मापाची स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही आणि दोन ठेवायला जागा नसते. स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी गळण्यामागे वजनाइतकेच हेही कारण आहे. खरेदीच्या चर्चेत ते क्वचितच येते.

त्याच पिढीत २००१ मध्ये झेड०६ ही जलद आवृत्ती आली आणि तिच्यावर उत्पादकाने साधे टायर लावले : पुढे २६५/४० झेडआर १७, मागे २९५/३५ झेडआर १८. सोबत सीलंट व कंप्रेसर दिला. चार टायर मिळून सु. १० किग्रॅ. वजन कमी झाले. एकाच कारखान्यातून, एकाच सांगाड्यावर, रोजच्या वापराच्या गाडीला रन-फ्लॅट आणि ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला साधे, अशी स्वच्छ विभागणी इथे झाली. त्या काळापुरता तो योग्य निवाडा होता असे म्हणावे लागते.

पुढे तो टिकला नाही. २००६ ची सहाव्या पिढीची झेड०६ ५०५ अश्वशक्तीची आणि आधीच्यापेक्षा कितीतरी वेगवान होती, तरी ती पुन्हा रन-फ्लॅट टायरवर आली. २००९ च्या झेडआर१ पासून मिशेलिनचे झेडपी चिन्हाचे रन-फ्लॅट टायर आले. सातव्या पिढीत (२०१४) तीच परंपरा चालली. २०२० पासूनच्या मध्य-इंजिनाच्या आठव्या पिढीत पुढे २४५/३५ झेडआर १९ आणि मागे ३०५/३० झेडआर २० मापाचे रन-फ्लॅट आहेत. तिच्या झेड०६ आवृत्तीला मिशेलिनचा ट्रॅकसाठीचा कप २ आर टायरदेखील झेडपी रूपात मिळतो. ‘ट्रॅक म्हणजे साधा टायर’ हे समीकरण त्यामुळे आता सरसकट मांडता येत नाही. रबराची मिश्रणे आणि भिंतीची घडण सुधारली हे त्याचे एक कारण. संपूर्ण सस्पेन्शनच पहिल्या दिवसापासून या टायरभोवती बेतले गेले हे दुसरे, आणि अधिक निर्णायक.

इतर उत्पादक : २००७ मध्ये आलेल्या निसान जीटी-आर (आर३५) गाडीला नायट्रोजन भरलेले २० इंची रन-फ्लॅट होते. प्रचंड ओढीखाली टायर रिमवर सरकू नये म्हणून तिच्या रिमची बैठक खरबरीत केलेली असे. बीएमडब्ल्यूने झेड८ पासून सुरुवात करून साध्या श्रेणीत रन-फ्लॅटचा मोठा प्रसार केला, मात्र आपल्या एम३ सारख्या एम गाड्यांना साधे टायर व सीलंट दिले. पोर्श ९११ साध्या टायरवर धावते.

निवडीचे निकष : ताठरपणा हा निकष सर्वांत आधी पाहावा, किंमत व सोय यांवर चर्चा लवकर पोहोचते, पण गाडीचे वागणे ताठरपणावर ठरते. टायर ही स्वतः एक स्प्रिंग आहे. ती गाडीच्या मुख्य स्प्रिंगपेक्षा कित्येक पटींनी ताठर असते आणि तिला स्वतःचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर नसतो. रन-फ्लॅटमध्ये ती उभ्या दिशेने आणखी ताठर होते. त्यामुळे बारीक खाचखळगे टायरमध्ये न जिरता सस्पेन्शनपर्यंत जातात. रस्ता सपाट असेल तर फरक थोडाच जाणवतो. खडबडीत वळणावर मात्र चाक उसळते, आणि उसळलेले चाक पकड देत नाही. केवळ बसणाऱ्याला झटके लागतात एवढाच हा प्रश्न नाही.

उलट बाजूने, ताठर भिंतीमुळे स्टिअरिंग वळवताच टायर चटकन उत्तर देतो. पहिल्या फेरीत चालकाला हा गुण वाटतो. पकडीची सीमा जवळ आल्याचे साध्या टायरमध्ये हळूहळू कळते, रन-फ्लॅटमध्ये ते अचानक येते, असे पुष्कळ चालक सांगतात. मात्र नव्या टायरांबाबत यावर एकमत नाही. ट्रॅकवरील वेळेत कोण सरस याचेही सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही, कारण एकाच मापाच्या दोन टायरांत रबराचे मिश्रणही वेगळे असते आणि तुलना नेमकी कशाची होते हे वेगळे काढता येत नाही.

वजनाचा हिशेब दोन्ही बाजूंनी करावा लागतो. रन-फ्लॅट प्रत्येक चाकामागे मापानुसार एक-दोन किलो किंवा अधिक जड असतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचे आणि शिवाय फिरते, म्हणून चाकाला उसळू न देणे, वेग घेणे आणि थांबणे या तिन्हींना ते जड पडते. स्टेपनी, जॅक आणि पाना काढल्याने वाचणारे वजन त्याहून जास्त भरू शकते, पण ते स्प्रिंगच्या वरचे असते. किलोला किलो वजा करून काढलेले उत्तर म्हणूनच फसवे असते. सीलंटची बाटली व कंप्रेसर घेऊन साध्या टायरवर चालणारी गाडी दोन्ही हिशेबांत हलकी ठरते. तिची उणीव वेगळी आहे. सीलंट रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या (ट्रेड) छोट्या भोकापुरते चालते. भिंत चिरली किंवा टायर फुटला की ते निरुपयोगी.

सुरक्षिततेत रन-फ्लॅटची बाजू भक्कम आहे. मोठ्या वेगात एकाएकी हवा गेली तर टायर रिमवर राहतो आणि गाडी सरळ ठेवणे सोपे जाते. शक्तिशाली, मागील चाकांवर ओढ असलेल्या गाडीत हा लाभ लहान नाही. एकट्याने रात्री लांबचा प्रवास करणाऱ्यासाठी तर तोच निर्णायक ठरतो.

बदल करताना : रन-फ्लॅटसाठी बेतलेल्या गाडीला नंतर साधे टायर लावण्याचा प्रघात सर्वत्र आहे. गाडी मऊ होते, आवाज कमी येतो, आणि मालक बहुधा समाधानी असतात. पण कारखान्याने निवडलेले स्प्रिंग, शॉक-अ‍ॅब्सॉर्बर व स्थिरता-नियंत्रण ताठर टायर धरून ठरवलेले असतात, त्यामुळे स्टिअरिंगचे उत्तर थोडे सैल होते. मूळ माप, भार व वेगाची श्रेणी कायम ठेवावी; एकाच आसावर दोन प्रकार मिसळू नयेत, चारही चाकांवर एकच प्रकार असणे उत्तम. सीलंटचा संच आधी घ्यावा, टायर नंतर. साध्या टायरसाठी बेतलेल्या गाडीवर रन-फ्लॅट लावण्याचा उलटा मार्ग त्याहून कमी पसंतीचा आहे. दाब दाखवणारी यंत्रणा नसेल तर तो टाळावा.

दुरुस्ती : हवा नसताना चाललेल्या रन-फ्लॅटची आतली इजा बाहेरून दिसत नाही, अनेक उत्पादक अशा टायरची दुरुस्ती न करता तो बदलावा असे सांगतात. ताठर भिंतीचा टायर रिमवरून उतरवायला साहाय्यक भुजा असलेले यंत्र लागते, जे प्रत्येक पंक्चरच्या दुकानात नसते.

चिन्हे : भिंतीवर उत्पादकानुसार आरएफटी (ब्रिजस्टोन), झेडपी (मिशेलिन), ईएमटी किंवा आरओएफ (गुडइयर), एसएसआर (काँटिनेंटल), डीएसएसटी (डनलॉप) अशी अक्षरे असतात. मापातच ‘आरएफ’ किंवा ‘झेडआरएफ’ असेही लिहिलेले आढळते. बीएमडब्ल्यूसाठीच्या टायरवर गोलातील आरएससी हे चिन्ह असते.

भारतातील स्थिती : आखूड भिंतीचा कोणताही टायर खड्ड्यात फुगा धरतो, रन-फ्लॅट याला अपवाद नाही. रन-फ्लॅट टायर असूनही येथे विकल्या गेलेल्या काही गाड्यांच्या डिकीत स्टेपनी दिसे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चर-दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनी सक्तीची राहिली नाही.